सात ग्रॅम

चहाला आधण येण्याआधीच त्याने खुंटीवरचा पट्टा काढून पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात चिमट्याने एकेक वजन रचलं, काचेची झडप खाली ओढली आणि श्वासाने काटा हलू नये म्हणून तोंड बाजूला फिरवून उभा राहिला. काटा दोन-चारदा डोलला आणि मधोमध थांबला.

एक्क्याण्णव ग्रॅम.

काल दुपारभर उन्हात लटकल्यावर हाच पट्टा संध्याकाळी चौऱ्याऐंशी भरला होता. परवा संध्याकाळी चौऱ्याऐंशी, सकाळी नव्वद. तेरवा चौऱ्याऐंशी, सकाळी ब्याण्णव. वहीच्या पानावर दोन रांगा उभ्या राहिल्या होत्या, एक शहाण्यासारखी जागच्या जागी आणि दुसरी दर सकाळी चढलेली.

त्याच्या धंद्यात पहिला संशय काट्यावर घ्यायचा असतो. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती, गल्लीत त्याला काटेवाला म्हणूनच ओळखत. त्याने पहिल्याच दिवशी प्रमाण वजनं लावून काटा तपासला होता. काटा निर्दोष होता. दुसरा संशय हवेवर. म्हणून पट्टा शिवणाऱ्या बाईंकडून त्याच कापडाचा, आत तसाच फोम असलेला एक तुकडा मागून आणला आणि पट्ट्याशेजारच्या खुंटीवर टांगला. तो तुकडा रात्रभरात अर्धा ग्रॅमसुद्धा वाढला नाही. म्हणजे हवाही सुटली.

राहिली माणसं. आणि घरात माणसं दोनच होती. त्यातला एक तो स्वतः.

"काय म्हणतोय पट्टा?" ताईने आतून विचारलं. "बाळसं धरलं का?"

"सात ग्रॅम."

"मग बारशाचं बघायला हवं." तिने चहाचे कप टेबलावर आणले. काट्याने अर्धं टेबल अडवलं होतं, तेव्हा कप कडेला टेकवून ती म्हणाली, "जेवणाच्या टेबलावर तराजू मांडणारा तू जगात एकटाच असशील."

तो हसला नाही. कप ठेवताना तिचे हात कसे आहेत ते त्याने पाहिलं. बोटांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली, पाण्यातून नुकती काढल्यासारखी. पण सकाळी भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईचे हात तसेच दिसणार. हा पुरावा होत नाही, असं त्याने मनाशी नोंदवलं.

आठ महिन्यांपूर्वी गोदामातल्या मोठ्या काट्याचा फलाट आधारावरून सरकला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. ताई त्याच आठवड्यात एक बॅग घेऊन आली. त्याआधी ती धाकट्या भावाकडे असायची, आणि त्याच्याही आधी तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. अजूनही तिच्या कानामागे पेन्सिल असे. वर्तमानपत्र असो की औषधाच्या बाटलीचा कागद, वाचलेल्या ओळीखाली ती बारीक रेघ मारायची आणि समासात तारीख टाकायची.

दोन महिन्यांपूर्वी त्याला कृत्रिम हात मिळाला. टोकाला लोखंडी आकडा, आकड्यापासून निघालेली तार पाठीवरून पट्ट्यात, आणि पट्टा उजव्या काखेतून वेढा घालून परत पाठीवर. उजवा खांदा पुढे ढकलला की तार ताणली जाई आणि आकडा उघडे. थोडक्यात, डाव्या हाताचं सगळं काम उजव्या काखेच्या जिवावर चालायचं. काखेतला वेढा बकलाने सुटा होत असे. सकाळ-संध्याकाळ पारड्यात चढायचा तो हाच.

तिसऱ्या आठवड्यात काख खाजू लागली. औषधाच्या दुकानदाराने न बघताच एक ट्यूब दिली. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली, आणि दहाव्या दिवशी दोन्ही व्याजासकट परत आली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब वाचली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्यात स्टेरॉइड होतं, त्याने आग दबते आणि बुरशी मजेत वाढते. मग त्यांनी काखेतली थोडी त्वचा पात्याने खरवडून काचेवर घेतली, त्यावर एक थेंब टाकला आणि त्याला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. धाग्यांना लगडलेले इवले गोल दाणे होते, काही दाण्यांना कडेला अजून एक बारका दाणा फुटत होता.

"यीस्ट जातीची बुरशी," त्या म्हणाल्या होत्या. "आपल्या सगळ्यांच्या अंगावर थोडी असतेच. घडी, ऊब आणि ओल मिळाली की संसार मांडते. तिची ओल काढून घ्या, निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मलमाचं."

सोबत एक छापील पत्रक मिळालं. परतीच्या बसमध्ये ताईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. काख धुऊन टिपून कोरडी करावी, चोळू नये. मलम दोन वेळा. आतून पातळ सुती बनियन. पट्टा आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या सकाळी धुऊन दिवसभर उन्हात वाळवावा. घरी तिने ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

तो सगळं तंतोतंत करत होता. मधुमेह आहे का म्हणून रक्तही तपासून झालं होतं, साखर बेताची निघाली. तरी काख बरी होत नव्हती. आणि तो नोकरीला होता त्या काट्यांच्या कारखान्याच्या मालकांनी गेल्याच आठवड्यात, चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पहिल्या तारखेपासून पूर्ण दिवस बसलात तर बारीक काट्यांचं टेबल तुमचंच. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बसवावा लागेल. तुम्ही मग बाहेर, पावत्यांवर. रागावू नका." बारीक काट्यांच्या कामाला दोन हात लागत. आणि दुसरा हात दुपारी एकच्या पुढे अंगावर सोसवत नव्हता.

पहिली तारीख बारा दिवसांवर आली होती.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात वर करायला लावला आणि दिवा जवळ ओढला. घडीत लाल, ओलसर चट्टा, आणि मोठ्या बेटाभोवती छोटी बेटं असावीत तसे कडेने सुटे लाल ठिपके.

"दोन आठवड्यांनंतर हे एवढं राहायला नको होतं. मलम दोन्ही वेळा लावता?"

"लावतो."

"कसं?"

उजव्या हाताची बोटं उजव्याच काखेच्या काठापर्यंत पोचत, आतल्या घडीपर्यंत नाही. दुसरा हात चढवावा, तर पट्टा नेमका त्याच जागेवर बसे.

"चमच्याने," तो म्हणाला. "लाकडी चमचा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळतो. टोकाला कापूस, कापसावर मलम. मग मी त्याच्यावर वाकतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि ह्या कशाला आहेत?" त्यांनी ताईकडे मान केली.

"ती घर बघते."

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी," ताई छताच्या पंख्याला उद्देशून म्हणाली. "तर म्हणाला, मी काय तान्हा आहे काखेत हात घालून घ्यायला."

"पट्टा ओला घालता का?"

"नाही. रोज संध्याकाळी खडखडीत कोरडा असतो. वजन करतो मी."

"वजन!" त्या हसल्या. "मग कोणीतरी खोटं बोलतंय. तुम्ही नाहीतर बुरशी. आणि बुरशीला काही खोटं बोलता येत नाही."

ताई हसली. पण जरा उशिरा हसली, आणि हसताना पिशवीत काहीतरी शोधू लागली.

बसमध्ये दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. गेल्या काही दिवसांतल्या साध्यासाध्या गोष्टी त्याला आता कुशीवर वळून दुसरं तोंड दाखवू लागल्या. कृत्रिम हात पहिल्यांदा चढवला तेव्हा ताई म्हणाली होती, "चला, सुटले मी." आणि मग त्या दिवशी तिने सगळी भांडी, घासलेलीसुद्धा, पुन्हा घासली होती. "दुपारी घरी येतोस ते बरं," असं ती अधूनमधून म्हणे. "पावत्यांचं काम काय वाईट आहे? खुर्चीवर बसून असतं." आपलं बरं होऊ नये असं घरातल्याच माणसाला वाटत असेल का? हा विचार त्याला स्वतःलाच इतका ओंगळ वाटला की त्याने खिडकीकडे तोंड केलं. पण विचार खिडकीतून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पट्टा आधी नुसता पाहिला. हाताला कोरडाच वाटत होता, फक्त गार. बकल तिसऱ्या भोकात, तो लावायचा तसंच. मात्र पट्ट्याचं टोक बकलाशेजारच्या छोट्या कापडी लूपात नीट खोचलेलं होतं.

तो बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिला. लूप घट्ट होता. एका हाताने लूप उघडा धरायचा आणि दुसऱ्याने टोक आत सरकवायचं, असं ते काम. त्याला ते कधीच जमलं नव्हतं. त्याच्या पट्ट्याचं टोक नेहमी कुत्र्याच्या जिभेसारखं बाहेर लोंबत असे.

नव्वद ग्रॅम.

ताई चहा घेऊन आली तेव्हा पट्टा पारड्यातच होता.

"ताई, हे टोक आत कोण खोचतं?"

तिने वाकून पाहिलं. "तूच की."

"एका हाताने?"

कप तिच्या हातात राहिले.

"वास मारत होता रे," ती म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या साबणाने धुते, टॉवेलात घालून दाबते आणि परत टांगते. तुला विचारलं असतं तर हात लावू दिला असतास?"

"नाही."

"मग?"

त्याने श्वास सोडला. किती दिवसांनी सोडला असेल कोण जाणे. वास मारत होता म्हणून धुतला. एवढंच होतं. लहानपणी त्याच्या शाळेच्या कॉलरवरचा मळही तिने असाच न विचारता घासला होता.

"त्याच्या आत फोम आहे ताई. पाणी धरून ठेवतो."

"हाताला तर कोरडा लागतो."

"हाताला काय कळतंय? काट्याला कळतं."

"बरं बाबा, चुकलं. नाही धुणार." तिने कप ठेवले आणि पिशवी उचलली. "भाजी घेऊन येते."

ती गेल्यावर त्याने चहा प्यायला, आज त्याला तो गोडही लागला. बरं झाल्यावर मलम अजून किती दिवस लावायचं ते पुन्हा बघावं म्हणून त्याने कपाटाचं दार उघडलं. पत्रकावर ताईच्या रेघा होत्या, काख टिपून घ्यावी याच्याखाली, सुती बनियनखाली. एकेका ओळीखाली एकच रेघ.

'पट्टा ओलसर असताना घालू नये, आतील फोम वरून कोरडा वाटला तरी ओला असू शकतो,' या ओळीखाली दोन रेघा होत्या. समासात तारखाही दोन. पहिली बसमधल्या दिवसाची. दुसरी गेल्या सोमवारची.

त्याने दार लावलं. पुन्हा उघडलं. तीस वर्षं अक्षर न अक्षर तपासलेली बाई ओळ वाचते, आठवड्याने ती परत येऊन वाचते, आणि दुसऱ्या सकाळी पट्टा भिजवते. हाताला कोरडा लागतो म्हणे.

ती आली की पत्रक फाडून तिच्यासमोर धरायचं, एवढंच डोक्यात होतं. तो तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणखी पुरावा शोधायला असेल. खाट, खाटेवर घडी केलेली चादर, खिडकीत तिचा चष्मा. खाटेखाली तिची बॅग नव्हती. त्याने मान वर केली. बॅग माळ्यावर होती, पार भिंतीच्या कडेला, रिकामी करून दुमडलेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने बांधलेली. जी वस्तू पुन्हा लवकर लागणार नाही ती अशी ठेवतात.

फोन वाजला तेव्हाच दारात ताईची चप्पलही वाजली. फोन धाकट्याचा होता.

"काय दादा, कसा आहेस?" धाकट्याचा आवाज नेहमीसारखा घाईत. "पहिल्या तारखेला तू पूर्ण दिवस जाणार ना? म्हणजे मी दोन तारखेला गाडी घेऊन येतो ताईला न्यायला. तिची खोली मुलीला अभ्यासाला दिलीय आता, पण बाहेरच्या खोलीत कॉट टाकू. दिवसभर माणसं येतात-जातात तिथे, पण ताईचं काय, ती कुठेही राहते. आणि घरातही मदत हवीच आहे."

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबली होती. पिशवी खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, कपाटाकडे बघत होती. कपाटाचं दार नीट लागलेलं नव्हतं, आतल्या पत्रकाची कड दिसत होती.

फोनवर धाकटा दोनदा "हॅलो" म्हणाला.

"नाही जमायचं," काटेवाला म्हणाला. "ताई लागते इथे."

"का? काय झालं?"

"मलम लावायचं असतं. काखेत. माझं मला पोचत नाही."

"अरे, पण ते किती दिवस?"

"डॉक्टर म्हणतात, बरं झालं तरी सोडायचं नाही. लाली गेल्यावरही मलम आठवडाभर. आणि काख रोज टिपायची, बघायची, ते कायमचं. पट्टा आहे तोवर. नाहीतर परत होतं." त्याने जरा थांबून सांगितलं, "छापील आहे. ताईने वाचलंय."

फोन ठेवून तो व्हाइसपाशी गेला. दांडा फिरवून जबडे सैल केले आणि लाकडी चमचा काढून घेतला. कापसासकट तो कचऱ्यात टाकला. मग सदरा काढला, बनियन काढली आणि खुर्चीवर बसून उजवा हात डोक्यावर नेला. खिडकीतला उजेड थेट काखेत पडला.

ताईने पिशवी खाली ठेवली.

"ट्यूब कुठेय?" ती म्हणाली.

"तिथेच. काट्याच्या मागे."

तिने हात धुतले, पुसले, परत पुसले. मऊ फडक्याने काख टिपली, न चोळता. तिचं बोट थंड होतं.

"आग होते?"

"होते."

"ह्या कडेच्या ठिपक्यांवर तुझा चमचा कधी पोचलाच नाही."

"नसेल."

"मी..." ती म्हणाली आणि थांबली. तिने ट्यूबचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मी सोमवारी ते पत्रक..."

"हात अजून किती वेळ वर ठेवू?" तो म्हणाला.

"सुकू दे जरा," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

त्यानंतरच्या सकाळी पट्टा चौऱ्याऐंशी भरला. त्याच्या पुढच्या सकाळीही. तरी वजन करायचं त्याने सोडलं नाही, आणि ती रोज कपाच्या जागेसाठी काट्याच्या कडेने वाट काढत राहिली. पट्टा कोरडा असे, टोक मात्र रोज लूपात खोचलेलं असे. मधल्या काळात पट्टा शिवणाऱ्या बाईंनी दुसरा वेढा शिवून दिला, एक अंगावर, एक उन्हात. सातव्या दिवशी सुटे ठिपके मावळले. नवव्या दिवशी पट्टा पाच वाजेपर्यंत सोसला.

पहिल्या तारखेला सकाळी तो डबा घेऊन निघणार होता. ताईने मलम लावलं, बनियन खाली ओढून दिली, पट्टा चढवायला मागून धरला. वहीत रोजच्या दोन रांगा आता सारख्याच दिसत होत्या.

"आज किती?" तिने विचारलं. त्याच्याकडे न बघता, कप विसळत.

"चौऱ्याऐंशी."

"मग आता तो काटा उचल की टेबलावरून. माणसाने चहा कुठे ठेवायचा?"

त्याने वजनं एकेक करून पेटीत ठेवली आणि काट्याची एक बाजू धरली. बिडाचा काटा जड होता, आणि नवा आकडा अजून असल्या कामाला सरावला नव्हता. तो काही म्हणण्याआधीच तिने ओले हात पदराला पुसले आणि दुसरी बाजू धरली.